‘टॅबू’ला मराठीत नेमके काय म्हणावे?

ओवरी (प्रश्न)

सप्रेम नमस्कार.

गेली आठ वर्षे मी शाळकरी मुलींसाठी आणि त्यांच्या आयांसाठी आरोग्यविषयक पुस्तिका मराठीत आणण्याचे काम करते. मूळ मजकूर बहुधा इंग्रजीत असतो आणि त्यात ‘टॅबू’ हा शब्द पानागणिक येतो. आजवर मी फारसा विचार न करता त्या जागी ‘निषिद्ध’ लिहीत आले. शब्द शुद्ध होता, भारदस्त होता आणि कोणी हरकतही घेतली नव्हती.

गेल्या महिन्यात सातारा जिल्ह्यातील एका गावी अंगणवाडीच्या भिंतीवर आम्ही एक तक्ता लावला. त्यावर ठळक अक्षरांत ‘मासिक पाळी : एक निषिद्ध विषय’ असा मथळा होता. कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी साठी उलटलेल्या एक आजी त्या तक्त्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. बोट ठेवून, अक्षर अक्षर लावत त्यांनी मथळा वाचला आणि माझ्याकडे वळून विचारले, “निषिद्ध म्हंजे करू नये असंच ना गं बाई? मग तुम्ही बोलायला कशाला आलाय?” त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, त्यांना खरोखरच समजून घ्यायचे होते. माझ्याकडे उत्तर नव्हते. आम्ही जे सांगायला गेलो होतो त्याच्या बरोबर उलट आमचा तक्ता सांगत होता. मी तो उतरवला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवला.

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाही. ‘वर्ज्य’, ‘त्याज्य’, ‘अग्राह्य’, ‘विटाळ’ असे शब्द मी लिहून पाहिले आणि दर वेळी काही तरी निसटते आहे किंवा नको ते आत येते आहे असे वाटले. सरळ ‘टॅबू’ लिहावे तर त्या आजींना तो शब्द कळणार नाही. समाजाने न बोलण्याची, न करण्याची, न शिवण्याची म्हणून बाजूला काढलेली गोष्ट, असा अर्थ असलेला एखादा मराठी शब्द आहे का? नसल्यास वरच्या शब्दांपैकी कोणता कोठे वापरावा, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

जुनेपाने

ओवरीताई, त्या आजींनी तुमचा तक्ता अचूक वाचला, असे मला वाटते. ‘निषिद्ध’ हा शब्द त्यांनी घेतला त्याच अर्थाचा आहे.

‘विधी’ आणि ‘निषेध’ ही मीमांसकांची, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या पंडितांची, जोडी आहे. ‘हे कर’ असे सांगणारे वचन तो विधी आणि ‘हे करू नकोस’ असे सांगणारे वचन तो निषेध. ‘न कलञ्जं भक्षयेत्’, म्हणजे कलंज (खाण्यास अयोग्य मानलेला एक पदार्थ) खाऊ नये, हे निषेधाचे त्यांचे नेहमीचे उदाहरण. अशा वचनाने जे अडवले ते निषिद्ध. म्हणजे या शब्दामागे नेहमी एक वचन उभे असते आणि ते वचन बोलणारा कोणी तरी असतो, मग ते शास्त्र असो, गुरू असो वा राजा. शिवाय ‘निषिद्ध’ म्हणताना ती मनाई योग्य आहे, असे बोलणाराही बहुधा मानत असतो. म्हणूनच ‘निषिद्ध विषय’ हे शब्द त्या विषयाचे वर्णन न वाटता आज्ञा वाटतात.

येथे एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. मराठीत ‘निषेध’ हे नाम आपल्या विशेषणापासून फार दूर निघून गेले. आज निषेध म्हटले की काळ्या फिती, मोर्चा आणि निवेदन आठवते. विरोध जाहीर करणे हाच त्याचा रूढ अर्थ झाला आहे. ‘निषिद्ध’ने मात्र जुना अर्थ सोडला नाही. ज्या गोष्टीचा आपण ‘निषेध’ करतो तिला कोणी ‘निषिद्ध’ म्हणत नाही.

‘बंदी’ आणि ‘मनाई’ यांच्यामागे तर सत्ता उघडच असते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव करून पतीच्या मृत्यूनंतर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथांवर बंदी घातली. तेथे ‘बंदी’ हा शब्द चपखल बसतो, कारण ठराव आहे, तारीख आहे आणि ठराव करणारी माणसेही आहेत. परंतु ज्या स्त्रीचे कुंकू पुसले गेले तिला हळदीकुंकवाला बोलावू नये, असा ठराव कोणत्या गावाने केला होता? तो कोणीच केला नव्हता, आणि तरीही गावोगाव पाळला जात होता. ‘निषिद्ध’, ‘बंदी’ आणि ‘मनाई’ हे तिन्ही शब्द या दुसऱ्या प्रकाराला अपुरे पडतात.

‘त्याज्य’विषयी थोडेच सांगतो. त्याग करण्यासाठी ती वस्तू आधी आपल्यापाशी असावी लागते. व्यसन त्याज्य म्हणता येते. पाळी त्याज्य म्हणता येत नाही.

षड्ज

‘वर्ज्य’बद्दल चार शब्द लिहितो, कारण गाणे शिकताना हा शब्द आमच्या कानांवर रोज पडतो आणि त्याची खरी छटा तेथे स्पष्ट दिसते.

भूप रागात मध्यम आणि निषाद वर्ज्य आहेत. शिकाऊ विद्यार्थ्याच्या गळ्यातून चुकून मध्यम निघाला तर गुरुजी हात वर करून थांबवतात, पण त्या मध्यमाला वाईट म्हणत नाहीत. तोच मध्यम मालकंसात वादी आहे, म्हणजे त्या रागाचा प्राण आहे. मालकंसात रिषभ आणि पंचम वर्ज्य, तर भूपात हे दोन्ही स्वर सन्मानाने नांदतात. स्वराच्या अंगी कोणताही दोष नसतो. एका विशिष्ट रचनेचे रूप राखायचे म्हणून तो त्या रचनेपुरता बाजूला ठेवलेला असतो, एवढाच ‘वर्ज्य’चा अर्थ.

स्वयंपाकघरातही तेच आहे. चातुर्मासात कांदा, लसूण आणि वांगी वर्ज्य मानणारी घरे आजही आहेत. त्याआधी आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी म्हणून कांद्याची थालीपिठे, भजी पोटभर खाऊन घ्यायची आणि पुढे चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून वांगे पुन्हा पानात घ्यायचे. जे कांदेनवमीला कौतुकाने खाल्ले ते दोन दिवसांनी एकादशीपासून वर्ज्य झाले आणि त्यात कोणालाही विसंगती वाटली नाही, कारण वर्ज्याला मुदत असते आणि ते पाळणाऱ्याला ती ठाऊक असते. पाळणारा ते बहुधा आपण होऊन पाळतो.

म्हणून ताई, ज्या गोष्टीला मुदत नाही, जी रचना बदलली तरी सुटत नाही आणि जिचे नाव घेताना आवाज खाली जातो, तिला ‘वर्ज्य’ म्हणू नये. या शब्दात भय नाही. तो फार शांत शब्द आहे.

माडाखाली

आतापर्यंतची चर्चा वाचून मला वाटते की ‘टॅबू’ हा शब्द मुळात कोठला, हे पाहिल्यास मराठीतील शब्दांची निवड सोपी होईल. तो इंग्रजीचा नाही. कॅप्टन जेम्स कुक आपल्या तिसऱ्या सफरीत १७७७ मध्ये प्रशांत महासागरातील टोंगा बेटांवर होता, तेव्हा तेथल्या लोकांच्या तोंडून त्याने तो ऐकला आणि आपल्या नोंदींत लिहिला. त्याच कुळातला शब्द न्यूझीलंडच्या माओरी भाषेत ‘तपू’ असा आणि हवाईत ‘कपू’ असा आहे. महत्त्वाचे हे की त्या लोकांच्या भाषेत हा शब्द केवळ वाईट गोष्टीसाठी नाही. प्रमुखाचे मस्तक तपू, प्रेत तपू, पूजेची जागाही तपू. जे पवित्र म्हणून शिवायचे नाही आणि जे धोक्याचे म्हणून शिवायचे नाही, ते दोन्ही एकाच शब्दात मावते. याच्या उलट ते ‘नोआ’, म्हणजे मोकळे, साधे, रोजच्या वापरातले. हवाईत स्त्री-पुरुषांनी एकत्र जेवणे कपू होते. स्त्रियांना डुकराचे मांस, केळी आणि नारळ खाण्याची मुभा नव्हती. १८१९ मध्ये राजा दुसरा कामेहामेहा स्त्रियांच्या पंगतीला जाऊन बसला, त्यांच्याबरोबर जेवला आणि ती सगळी व्यवस्था कोसळली. एका पंगतीने एवढे होऊ शकते, हे आपल्या लोकांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

पवित्र आणि अपवित्र या दोहोंना एकच ‘शिवू नको’ लागू होणे, हा अनुभव मराठी घरांनी पिढ्यान् पिढ्या घेतला आहे. कोकणातल्या आमच्या जुन्या घरी सकाळी आजी विहिरीवर स्नान करून ओलेत्याने स्वयंपाकघराकडे निघाली की म्हणायची, “शिवू नकोस रे, मी सोवळ्यात आहे.” त्याच वेळी पडवीच्या टोकाला घोंगडीवर बसलेली मावशी म्हणायची, “शिवू नकोस रे, मला शिवायचं नाही.” मी तेव्हा पाच वर्षांचा असेन. शब्द दोघींचे जवळजवळ तेच, मी मात्र मध्ये अंगणात उभा, आणि दोघींपैकी कोणाला राग आला आहे, हे मला कळत नसे. अंगातला सुती सदरा काढून ठेवला तर मला मावशीच्या मांडीवर जाऊन बसता येई, कारण विटाळ कापसाला लागतो, उघड्या अंगाला आणि लोकरीला लागत नाही, असे आम्हाला सांगितलेले होते. थंडीच्या दिवसांत सदरा काढून मावशीच्या घोंगडीत शिरल्याचे मला अजून आठवते.

‘सोवळे’ या शब्दाने तर याहून मोठे दुःख पोटात घेतले आहे. ज्या विधवेचे केशवपन झाले तिला जुन्या मराठीत ‘सोवळी’ म्हणत. तिच्या हातचा स्वयंपाक देवाला चालायचा, पण सकाळी तिचे तोंड समोर आले तर अपशकुन. एकाच स्त्रीवर पावित्र्य आणि अमंगळपणा असे दोन्ही शिक्के मारणारा हा शब्द त्या बेटांवरच्या ‘तपू’च्या जितका जवळ जातो तितका दुसरा मराठी शब्द मला दिसत नाही.

आता ‘विटाळ’. हा शब्द जुना आहे. बाराव्या शतकातील हेमचंद्राने अपभ्रंशाच्या व्याकरणात ‘विट्टाल’ हा शब्द नोंदवला आणि त्याचा अर्थ अस्पृश्याचा संसर्ग असा दिला. उदाहरण म्हणून दिलेल्या दोह्यात समुद्र सोडून किनाऱ्यावर आलेले शंख आहेत. ते दुसऱ्यांच्या तोंडी लागून फुंकले जात भटकतात आणि तोच त्यांचा विटाळ. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वीही स्पर्श, उष्टे आणि जात या तिन्ही गोष्टी या शब्दाला चिकटलेल्या होत्या. चौदाव्या शतकात संत सोयराबाईंनी ‘देहासी विटाळ म्हणती सकळ’ असे म्हणून या शब्दालाच जाब विचारला: देहाचा विटाळ देहातच जन्मला असेल तर सोवळा कोण? पुढे २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्यायल्यावर, तळे बाटले म्हणून सवर्णांनी त्याच्या शुद्धीचा विधी केला. इतका सगळा इतिहास ज्या शब्दात भरला आहे तो एखाद्या पुस्तिकेत ‘टॅबू’चा सरसकट प्रतिशब्द म्हणून वापरू नये, असे माझे ठाम मत आहे. ज्यांनी तो सोसला त्यांच्यासाठी ती जखम आहे. पाळीसंबंधी लिहिताना ‘याला विटाळ म्हणतात’ असे लोकांच्या तोंडचे म्हणून जरूर लिहावे, पण आपल्या स्वतःच्या वाक्यात तो शब्द घेऊ नये.

माणदेशी

वरचे तिन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत. परंतु ओवरीताईंना उत्तर द्यायचे आहे ते त्या आजींना, म्हणून त्या आजी स्वतः कोणता शब्द वापरत असतील, याचा विचार आधी करावा, असे सुचवतो.

माझा जन्म आणि नोकरी दोन्ही दुष्काळी भागातील. येथे निषिद्ध, वर्ज्य यांपैकी काहीही बोलण्यात नसते. येथे म्हणतात, ‘चालत नाही’. आमच्यात लग्नात हे चालत नाही. चार दिवस देवघरात गेलेले चालत नाही. त्या घरचे पाणी चालत नाही. नवऱ्याचे नाव घेतलेले चालत नाही, म्हणून उखाण्यात घ्यायचे आणि एरवी ‘अहो’ म्हणायचे.

या दोन शब्दांचे व्याकरण नीट पाहावे. यात कर्ता नाही. कोणाला चालत नाही, असे विचारले की उत्तर येते ‘आमच्यात’ किंवा ‘आपल्याकडे’. ती एक जागा आहे, माणूस नव्हे. मनाई करणारा सापडला तर त्याच्याशी वाद घालता येईल, पण येथे तो सापडतच नाही. सासू म्हणते माझ्या सासूने सांगितले, आणि तिची सासू आता हयात नसते. जुनेपाने यांनी हेरवाडच्या निमित्ताने जो प्रश्न विचारला त्याचे उत्तर या व्याकरणात आहे.

याउलट जो हे मोडतो त्याचे काय करायचे, हे सांगणारा शब्दप्रयोग मात्र सकर्मक आहे: ‘वाळीत टाकणे’. टाकणारे असतात, त्यांची नावे असतात, बैठक असते. म्हणूनच त्याला कायद्याने पकडता आले. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा केला आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. या कायद्याखाली वाळीत टाकणाऱ्यावर गुन्हा नोंदवता येतो. ‘चालत नाही’वर नोंदवता येत नाही.

आणखी एक गोष्ट आहे ती न बोलण्याची. तुमच्या प्रश्नात ‘न बोलण्याची गोष्ट’ असे शब्द आहेत, पण आपल्याकडे माणसे अगदी गप्प बसत नाहीत. ती शब्द बदलतात. रात्री साप म्हणायचे नाही, ‘लांबडं’ किंवा ‘जनावर’ म्हणायचे. घरातून निघताना ‘जाते’ नाही, ‘येते’. मंगळसूत्र तुटले तर ‘वाढवलं’, बांगडी फुटली तर ‘वाढवली’, कुंकू संपले तर ‘वाढलं’. माझी आई दुकानातून कुंकवाची पुडी आणायला सांगताना डबी रिकामी झाली, असे कधीही म्हणाली नाही. रिकामी डबी हातात देऊन ती “कुंकू वाढलंय” एवढेच म्हणायची. पाळीलाही तसेच ‘कावळा शिवला’, ‘बाहेरची आहे’, ‘अडचण आहे’. तुमच्या पुस्तिकेत हे शब्द आले तर वाचणाऱ्या बाईला आपल्याबद्दल लिहिले आहे, हे पहिल्या ओळीला कळेल. तेथे कोणताही पारिभाषिक शब्द लागणार नाही.

ओवरी

सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. इतक्या आस्थेने कोणी लिहील, अशी अपेक्षा नव्हती.

काल त्याच गावी पुन्हा जाणे झाले. तक्ता नवा करून नेला होता. त्यावर एवढेच लिहिले होते: ‘पाळीबद्दल बोललेले आपल्याकडे चालत नाही. का चालत नाही?’ त्या आजी आल्या होत्या. त्यांनी पूर्वीसारखेच बोट ठेवून वाचले, शेवटच्या प्रश्नचिन्हापाशी बोट थांबले आणि त्या म्हणाल्या, “आमच्या टायमाला का म्हणून इचारल्यालंसुदिक चालत न्हवतं.” नंतर त्या पुढच्या रांगेत बसल्या आणि आपली नात कोठे बसली आहे, हे मान वळवून पाहिले.

शिक्षकांच्या पुस्तिकेत ‘टॅबू’ हा शब्द देवनागरीत तसाच ठेवून पहिल्या पानावर तो टोंगाहून कसा आला आणि त्याचे दोन अर्थ कोणते, हे सांगायचे ठरवले आहे. मुलींच्या आणि आयांच्या पुस्तिकेत ‘चालत नाही’. ‘विटाळ’ फक्त अवतरणात, माडाखाली यांनी सांगितल्याप्रमाणे.

एक अडचण मात्र शिल्लक आहे. गरोदरपणाच्या प्रकरणात दोन रकाने आहेत. एकात डॉक्टरांनी बंद करायला सांगितलेल्या गोष्टी, जसे तंबाखू, मिसरी आणि मनाने घेतलेली औषधे. दुसऱ्यात घरच्यांनी बंद केलेल्या, जसे ग्रहणात सुरी हातात धरणे. पहिल्या रकान्यालाही लोक ‘चालत नाही’च म्हणतात. हे दोन एकमेकांत मिसळले तर मोठी हानी होईल. पहिल्यासाठी ‘वर्ज्य’ लिहावे का?

माणदेशी

वर्ज्य लिहू नये. त्यासाठी आपल्याकडे ‘पथ्य’ आहे आणि तो शब्द प्रत्येक घरात आहे. पथ्य म्हटले की ते कोणी सांगितले, कशासाठी सांगितले आणि किती दिवस, हे विचारायची पद्धतच आहे. दवाखान्यातून आलेल्या माणसाला शेजारीण पहिल्यांदा हेच विचारते. पहिल्या रकान्याला ‘डॉक्टरांनी सांगितलेले पथ्य’ असा मथळा द्यावा आणि प्रत्येक गोष्टीपुढे तिचे कारण व मुदत लिहावी. दुसऱ्या रकान्याला ‘घरी चालत नाही असे म्हणतात’ हा मथळा द्यावा आणि तेथेही कारणाची जागा आखावी, परंतु ती कोरी ठेवून बायकांना स्वतः भरायला सांगावे.